वानखडेसाहेबांची हरकत

वानखडेसाहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली. चारही पायांचे स्क्रू बोटाने चाचपले, खुर्ची सरळ करून दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि मगच टेकले. ते गेल्यावर आमची सौ. म्हणाली, की पुढच्या खेपेला हे चहाही गाळून घेतील.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासनीस म्हणून काढली होती. मूळचे अमरावतीकडचे. निवृत्तीनंतर येरवड्याला आमच्या सोसायटीत राहायला आले, पण तपासणी काही सुटली नाही. लिफ्टचं दार, गॅसची नळी, गणपतीच्या मांडवाचे बांबू, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. कुणी वैतागलं की म्हणायचे, "वापरणारा शहाणाच असेल असं धरून माल पास करायचा नसतो." कारखान्यात हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं म्हणे.

राजकारणाचं त्यांना वावडं होतं. मोर्च्यामुळे बस अडकली तर ते मोर्चेवाल्यांवरच डाफरायचे. कट्ट्यावर कुणी सरकारला नावं ठेवायला लागलं की चपला घालून सरळ चालू पडायचे. सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी ओढून बघायचा मान अर्थातच त्यांचा. म्हणून पुढे जे झालं त्याने माझा पार गोंधळ उडाला, आणि तो अजूनही मिटलेला नाही.

राज्याच्या सुरक्षेसाठी म्हणून एका नव्या कायद्याचा मसुदा आला आणि सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या. मी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. वानखडेसाहेबांनी मसुद्याची प्रत मिळवली आणि आठवडाभर पेन्सिल घेऊन बसले. कुठली संघटना बेकायदा ठरवायची ते सरकार ठरवणार, आणि तिला 'मदत' करणाराही तुरुंगात जाणार. मदत म्हणजे नेमकं काय, हे मात्र मोघम. या 'मदत' शब्दाभोवती त्यांनी इतक्या वेळा पेन्सिल फिरवली होती, की कागद फाटायला आला होता.

मी त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, अहो, हा कायदा देशाच्या वाइटावर असलेल्यांसाठी आहे, तुमच्याआमच्यासाठी नाही. सरकार स्वतः तसं सांगतंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले की त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची, तशी आली.

"सर, आज कोणाच्या हाती हाय ते मी पाहतच नाही. पंधरा वर्सांनी कोणाच्या हाती राहीन, ते तुमाले मालूम हाय काय?"

मग त्यांनी सहा हरकती लिहून काढल्या. निवृत्त मराठी शिक्षक म्हणून मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले आणि खाली सही केली. पटलं म्हणून केली की भिडेखातर, ते तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. आमच्या इमारतीतल्या बावीस जणांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने विचारलं, मधुराच्या चौकशीचं काय? आमची मुलगी तीन वर्षं घासून सरकारी परीक्षा पास झाली होती. नेमणुकीआधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी व्हायची होती. त्या कागदावर बापाची सही कुणी बघितली तर? मी चौथ्या मजल्यावर वानखडेसाहेबांकडे गेलो आणि माझं नाव खोडा म्हणालो. कारण म्हणून मधुराची पडताळणी सांगितली.

ते रागावले नाहीत. मधुराला कुठलं खातं मिळणार, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "खोडाखोडीचा कागद जात नसतो, सर." त्यांनी सगळा अर्ज नव्याने लिहिला. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात लिफ्ट बंद. तरी ते पुन्हा दारोदार हिंडून उरलेल्या एकवीस सह्या घेत होते. आमच्या मजल्यावर आले तेव्हा मी दाराआडून त्यांची पावलं ऐकली आणि दार उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मधुराची पडताळणी बिनबोभाट झाली. ती रुजू झाली. कायदाही झाला. मधला काळ मी वानखडेसाहेबांना टाळत राहिलो, आणि मग कळलं की ते मुलीकडे नागपूरला कायमचे चाललेत. सामान बांधून झालं होतं, तेव्हा मी वर गेलो. माफी मागायची होती, पण कशाबद्दल मागावी हेच कळेना. मधुराचा विचार करणं हा काही गुन्हा नव्हता.

मी चाचरत असतानाच त्यांनी पिशवीतून अर्जाची पोचशिक्का मारलेली प्रत काढून माझ्या हातात दिली.

"ही ठेवा तुमच्यापाशी. नाव नाही घातलं तुमचं. घाबरू नका."

मी ती घरी येऊन वाचली. मी तपासल्या होत्या त्या सहा हरकती. त्यांच्याखाली, माझी नजर न फिरलेल्या शुद्धलेखनात, आणखी एक होती.

'हरकत सात. आमच्या इमारतितील एका सज्जन नागरीकाने या अर्जावरील सही भितीपोटी काढुन घेतली आहे. हा कायदा अद्याप झालेला नाही.'

बाकी सगळ्या हरकती काय होऊ शकेल ते सांगत होत्या. ही एकच घडलेली होती आणि ती माझी होती. मी हरकत घेतली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.