मानेत इंजेक्शन, गावभर दूध

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण सांगता सांगता माझं डोकं परत फिरणार आहे.

तासगावाकडं सगळ्यांनी द्राक्षबागा लावल्या, मी गाय घेतली. चंद्री. तर या चंद्रीच्या कासेचा एक सड सुजला. जनावरांचे डॉक्टर आले आणि सुई कुठं मारली? मानेत!

"आवं डॉक्टर, दुखतंय मागं आन् टोचताय पुढं? गाय उलटी उभी केलीया का म्यां?"

"औषध रक्तातनं सगळीकडं फिरतं, कासेपर्यंत जातं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. मला शांत माणसाचा लय राग येतो. "आणि मी सांगेपर्यंत डेअरीला दूध घालू नका. चारी सडांचं."

आता तुम्हीच सांगा, सुजलाय एक आणि दूध फेकायचं चारींचं? औषध म्हणजे काय एसटी आहे, प्रत्येक थांब्यावर थांबायला?

सकाळी सुजलेला सड वगळून धार काढली.

"डॉक्टर नगं म्हणालेत न्हवं?" बायको म्हणाली.

"मान कुठं, कास कुठं? त्यांला काय कळतंय," असं म्हणून मी किटली उचलली.

संध्याकाळी डेअरीवर ही गर्दी. गावाचं सकाळचं सगळं दूध वरच्या दूध संकलन केंद्रानं परत पाठवलेलं. कुणाच्या तरी दुधात जनावराचं औषध निघालं होतं.

माझं पित्तच खवळलं. पहाटे उठून बायकांनी काढलेल्या धारा, आणि एका माणसापायी सगळ्यांचं नुकसान? मी कट्ट्यावरच चढलो.

"कोण हाय त्यो? त्येच्याच हातानं समदं दूध उकिरड्यावर वतायला लावा. गावासमोर!"

लोक माना डोलवायला लागले, तसा मला आणखी चेव आला. आणि देवाशपथ सांगतो, तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही. माझं इंजेक्शन मानेत होतं ना.

"आण्णा, खाली या जरा," डेअरीचे सचिव हळूच म्हणाले.

"का म्हणून? आदी त्येचं नाव सांगा."

"सकाळी समद्यांच्या दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या ठेवल्यात, त्या तपासल्या. तुमच्यातच निघालंय."

कट्ट्यावरून उतरायला मला कुणी हात दिला नाही. सचिवांनी पहिला कॅन माझ्यापुढं सरकवला. सगळा गाव बघत होता, मी ओतत होतो. राग अंगात मावत नव्हता, आणि तो काढायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.