मिल्टनचा नवा नंबर

कॅनडातल्या किचनरहून, म्हणजे माझ्या घरून, मिल्टन पाऊण तासावर आहे. बर्फ पडला की एक जन्म. तिथल्या एका नव्याकोऱ्या घराच्या बेसमेंटमध्ये माझा अख्खा संसार ठेवलेला आहे : फोटो, कागदपत्रं, आईचे व्हिडिओ, सगळ्याची प्रत. घर थोरल्या भावाचं. त्याच्या सगळ्याची प्रत माझ्या बेसमेंटमध्ये. एकाचं घर जळून खाक झालं तरी दुसऱ्याकडे सगळं शाबूत. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले; सोयरीक जुळवावी तितक्या गांभीर्याने हे ठरवलं होतं.

अडचण एकच. घरगुती इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस नावाचा नंबर, लहर येईल तसा बदलतो, विशेषतः वीज जाऊन मोडेम बंद पडला की. बदलला की माझा कॉम्प्युटर मिल्टनच्या जुन्या दारावर टकटक करत बसायचा आणि स्क्रीनवरची बॅकअपची ओळ लाल व्हायची. मग दादाचा फोन : "नवा नंबर घे रे." मिल्टनमध्ये कुणी जोरात शिंकलं तरी त्याच्याकडची वीज जायची, त्यामुळे फोनला तोटा नव्हता. नंबर सांगायला अर्धं मिनिट. पुढे विंटर टायर, गुडघे, आईचं बीपी, वहिनीने केलेलं पथ्याचं जेवण, असा तास.

या दुखण्यावर औषध होतं. बदलत्या नंबराला कायमचं नाव देणारी सेवा मिळते, तीही फुकट. दोघांनाही ठाऊक होती. दोघांनीही लावली नाही. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

मग पुण्यात आई गेली. त्याला त्याच रात्री विमान मिळालं. मला नाही, दुसऱ्या दिवशी इतका बर्फ, की विमानतळ आधी खणून काढावा लागला असता. तो परतल्यावर भेटायला गेलो तर चार माणसांत म्हणाला, "तू व्हिडिओ कॉलवर रडलास ना? झालं तर मग." मीही काही बोललो. तेव्हापासून अबोला.

कॉम्प्युटरांना अबोला कळत नाही. रोज सकाळी चहा घेताना मी स्क्रीन बघायचो. मिल्टन : हिरवं. म्हणजे त्याच्या घरात वीज आहे, उजेड आहे, दादा आहे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग पडताच गोठणारा पाऊस झाला, झाडं काचेची झाली, मिल्टन अंधारात गेलं. वीज आली, पण ओळ लालच राहिली. खरं सांगतो, मला आनंद झाला. आता फोन करणं त्याला भागच होतं. मी फोन वॉशरूममध्येसुद्धा नेऊ लागलो.

"अरे, तूच कर ना," बायको म्हणाली. "नंबरच तर विचारायचाय."

"नंबर त्याचा बदललाय. ज्याचा बदलला त्याने कळवायचं. नियम आहे."

"कसला नियम? दोन हट्टी बैलांचा?"

"बाबा, जस्ट टेक्स्ट हिम!" जिन्यावरून लेक.

मी बैलच राहिलो. शेवटी मेसेज आला. त्यात नंबर नव्हता, ते कायमचं नाव होतं. खाली एक ओळ : "हे वापर. आता बदलणार नाही. कळवायची गरज पडणार नाही."

मी नाव टाकलं. ओळ हिरवी झाली.

"झालं ना काम?" बायकोने विचारलं.

"झालं."

दादा पहिल्यापासून तसाच. दुरुस्ती केली की कायमची.

रविवारी बायको ग्रोसरीला गेली तेव्हा मी बेसमेंटमध्ये उतरलो आणि माझ्या मोडेमची वायर काढली. माझा नंबर बदलला तर कळवणं माझं काम. त्यात कमीपणा कसला? घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी स्टूल घेऊन बसलो. "दादा, नवा नंबर घे रे." मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज चिरकला. पुन्हा म्हटलं.

वायर लावली. दिवे एकेक करून लागले. नंबर तोच होता. पुन्हा काढली, जास्त वेळ थांबलो, लावली. तोच.

"बाबा! वायफाय इज डाउन!"

"येतंय, येतंय," म्हणालो, आणि वायर पुन्हा काढली.