मावसाजींची ठणठणीत तब्येत

नवऱ्याला ठणठणीत ठेवून त्याचा एवढा छळ करणारी बाई आमच्या मावशीखेरीज साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरी नसेल. मावसाजी बेल्लमपल्लीकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि मावशी क्वार्टरांच्या तोंडाशी भाजी विकायची. ऐंशीच्या दशकात तिथे पोरासोरांनाही एक गोष्ट ठाऊक होती: बाप डॉक्टरी तपासणीत नापास झाला की नोकरी पोराला. त्यामुळे पोरं शाळेत नापास व्हायला भीत नसत. तपासणी जवळ आली की चांगले पहेलवान गडी भिंत धरून चालत आणि त्यांच्या बायका ‘यांचं काही खरं नाही’ असं मोठ्या समाधानाने सांगत.

मावशीचं सगळंच उलटं. तिला गजाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, मास्तर करायचं होतं. गजा मात्र पुस्तक सोडून बापाची खाणीतली टोपी घालून हिंडायचा. तेव्हा बापाला धडधाकट ठेवणं हाच पोराला शिकवायचा उपाय, असं मावशीने ठरवून टाकलं. मावसाजींना सकाळी अडुळशाचा काढा, डब्यात मेथी, रात्री पुन्हा मेथी. बासरच्या सरस्वतीला नवस बोलली गजासाठी आणि दूध-तूप चारलं मावसाजींना! एकदा ते भाजीच्या टोपलीपाशी नुसते शिंकले, तर ती गिऱ्हाइकांदेखत ओरडली, “काऊन शिंकता जी? पोरगं ऐकून राह्यलं न! आता पुस्तक मिटवंन थो!”

शेजारीण म्हणाली, “गजाची माय, जमिनीत कोयसा हाय तवरीक कायची फिकीर?”

“जमिनीत हाय वं, मालूम हाय,” मावशी वांगी तोलत म्हणाली. “पोराच्या डोक्श्यात काय हाय, थे पाह्यतो मी.”

तपासणीच्या दिवशी गजा बापाला विनवत होता, “बाबा, जरासे वाकून चाला न.” मावसाजींनी मावशीकडे पाहिलं आणि छाती काढून गेले. ते पास झाले, तेव्हा क्वार्टरांची अख्खी ओळ दुखवट्याला यावं तशी भेटायला आली. गजा रुसला, जेवला नाही आणि शेवटी इलाज नाही म्हणून बीजगणित उघडून बसला.

नव्वदच्या दशकात तो खरोखरच गणिताचा मास्तर झाला. त्यानंतर मावसाजी पुरी नोकरी करून, गळ्यात हार घालून पायीच घरी आले. मावशीने त्यांना खाटेवर बसवलं आणि हळूच म्हणाली, “झालं जी. आता खोका.”

जमलेले आम्ही सगळे हसलो. मावसाजी खोकले, खूप वेळ खोकले, आणि आमचं हसू विरलं. मावशी त्यांची पाठ चोळत होती. “तुमी खोकला दाबून राह्यले, थे मले का मालूम नोयतं?” ती म्हणाली. मला दोघांचीही फार माया आली.

दम परत आल्यावर मावसाजी म्हणाले, “आज तरी मेथी नोको करू वं.”

मावशीने पदराने डोळे पुसले आणि मेथीच निवडायला घेतली.