टोकाचं वजन

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोरच्या माझ्या किराणा दुकानात बँजो पार्टीतला एक बेस गिटारवाला आला. नाव मी विचारलं नाही. त्याच्या गिटारचं डावीकडचं टोक सारखं खाली जायचं. ते डाव्या हाताने उचलून धरून त्याचा खांदा कामातून गेला होता. आता नाही जमलं, तर हळदींना वाजवणं बंद.

"मावशी, तराजू देता जरा?"

गिटारच्या टोकाला तारा पिळायच्या चार जड खुंट्या होत्या. त्या काढून त्याने एका पारड्यात टाकल्या आणि दुसऱ्यात नव्या, हलक्या. फरक दोन मुठी सुपारीचा. त्याचा चेहरा पडला.

"एवढ्याशानं काय होनार नाय."

"पारड्यात काय बघतोस? टोकाला लाव," मी म्हटलं. दांडीच्या टोकाला थोडंसं वजनही किती भारी पडतं, हे तराजू धरणाऱ्या मला कोणी शिकवायला नको.

त्याने नव्या खुंट्या बसवल्या, तारा चढवल्या, पट्टा खांद्यावर घेतला आणि हळूच दोन्ही हात सोडले. गिटार आडवीच राहिली. डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत तो म्हणाला, "आता हा हात नुसता वाजवायला."

पार्टीची जीप हॉर्न देत होती. तो मोकळ्या हातांनी निघाला.

"अरे, जुन्या राहिल्या!"

"ऱ्हाऊ द्या मावशी. जड हायेत."