मंगळवारचे सहा कोट

अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगाला धुलाईखाना आहे. तिथे सतरा वर्षं काम करणाऱ्या बाईला तोंडावर सगळे ताई म्हणतात आणि पाठीमागे भिंगताई. आगीतून आलेला प्रत्येक कोट ती भिंगाखाली धरून शिवण न् शिवण तपासते आणि जवानांचं डोकं खाते. पूर्वी ती शाळेचे गणवेश शिवायची. शिवणीवर तिचा भरवसा कमी, माणसांवर त्याहून कमी.

जवानांना काळा पडलेला कोट मोठा प्रिय. जितका काळा तितका गडी मर्द, असा या शहाण्यांचा हिशेब. भिंगताई तो अंगावरून ओढून घ्यायची. "हे विष आहे बाबा, पदक नव्हे. घरी जाऊन पोराला याच अंगाने उचलतोस ना?" असं म्हटलं की भलेभले मुकाट बटणं सोडत. सगळ्यांत खट तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने एकदा कोट खाटेखाली लपवला, तर तिने अख्ख्या तुकडीदेखत त्याचा कान धरला.

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही कान आहेत."

कोटाचे दोन भाग असतात, वरचं जाड कापड आणि आतलं अस्तर. दोन्ही वेगवेगळं, कोमट पाण्यात धुवायचं आणि ऊन न लावता पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचं. मग अस्तराची परीक्षा. त्याचा वाडग्यासारखा खोलगा करायचा, त्यात पेलाभर पाणी ओतायचं आणि जरा वेळाने खालून कागद दाबायचा. कागद कोरडा राहिला तर अस्तर धड. ओला झाला तर कोट बाद, कारण आगीत त्याच जागेतून कढत वाफ आत शिरते आणि माणसाची कातडी सोलवटते.

त्या मंगळवारी वाळवणखोलीतला पंखा बंद पडला. केंद्रप्रमुख साहेबांचा तगादा लागला होता, संध्याकाळपर्यंत सहा कोट हवेतच. अस्तरं अजून दमट होती. भिंगताईने पाणी ओतलं, कागद दाबला. सहाही कागद ओलसर आले. ही धुण्याचीच ओल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि सहा सह्या ठोकल्या. एरवी ताकही फुंकून पिणारी बाई, पण त्या दिवशी घाईने तिला गाठलंच.

गुरुवारी दुपारी पंखा दुरुस्त करायला मिस्त्री आला. अर्ध्या तासापूर्वीच घंटा वाजून दोन्ही गाड्या गाद्यांच्या कारखान्याकडे धावल्या होत्या. मिस्त्रीने स्टुलावर चढता चढता विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"मंगळवार सकाळपासून."

"मग इतके कपडे वाळले कसे?"

वाळले नव्हतेच. ओल्या कापडाला विचारायचं, बाबा रे, तू गळतोस का, आणि उत्तर आपल्या सोयीचं ऐकायचं, असा तो सगळा प्रकार झाला होता. सहा कोट, सहाही नंबर तिला तोंडपाठ. पण डोळ्यांपुढे एकच उभा राहिला. अकरा नंबर, धाकट्याचा.

ती धावतच वायरलेसच्या खोलीत शिरली. तिथल्या ऑपरेटरने आगीच्या जागी गेलेल्या साहेबांना गाठून दिलं.

"साहेब, अकरा नंबरला बाहेर काढा. अस्तराची परीक्षा चुकली. माझ्याकडून चुकली."

"तो आता आत शिरतोय, ताई. वर दोन कामगार अडकलेत."

"तरी काढा. हात जोडते."

मग साहेब म्हणाले, "काढतो. त्याच्या जागी लांबूला पाठवतो."

पलीकडचा आवाज बंद झाला. लांबू म्हणजे चौदा नंबर. त्याची मुलगी जेमतेम चार महिन्यांची. आणि चौदा नंबरचा कोट मंगळवारच्याच सहांतला होता.

हे तिला आधी माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. सहाही नंबर जिभेवर होते आणि जिभेने एकच निवडला. घाबरली होती बिचारी, असं म्हणून आपण तिला सोडून देऊ, पण तिने स्वतःला कधी सोडलं नाही.

"परत लाव," ती ऑपरेटरला म्हणाली. त्याने लावलं. उत्तर नाही. "केंद्र बोलतंय, केंद्र बोलतंय," तो घसा खरवडून ओरडत होता. साहेब गाडीपासून लांब गेले असावेत. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. चौथ्या मिनिटाला साहेबांचा आवाज आला.

"साहेब, लांबूलाही काढा. मंगळवारचे सहाही काढा." तिने सगळे नंबर सांगितले.

"मग मघाशी एकच का सांगितलात?"

उत्तर ऐकायला साहेब थांबले नाहीत.

दोन्ही कामगारांना दुसऱ्या जवानांनी सुखरूप बाहेर आणलं. लांबूचा डावा खांदा आणि अर्धी पाठ वाफेने भाजली. संध्याकाळी सहाही अस्तरं नीट वाळवून भिंगताईने साहेबांसमोर पुन्हा परीक्षा घेतली. अकराचा कागद ठणठणीत कोरडा. सहांत एकच अस्तर गळकं निघालं, चौदा नंबरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाबरोबर दवाखान्यात गेली. वऱ्हांड्यात लांबूची बायको मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने पुढे होऊन भिंगताईचा हात धरला.

"ताई, तुम्ही वेळेवर कळवलंत म्हणून थोडक्यात निभावलं म्हणे. तुमचे उपकार कसे फेडू?"

गप्प राहिली असती तरी चाललं असतं. साहेबांनी अजून कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. भाऊ मागून कोपराने ढोसत पुटपुटला, "ताई, राहू दे."

"पहिला निरोप मी माझ्या भावासाठी दिला," भिंगताई म्हणाली. "म्हणून याच्या जागी तुझा नवरा आत गेला. त्याचाही कोट त्यातलाच आहे, हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

लांबूच्या बायकोने आपला हात काढून घेतला आणि मुलीच्या पाठीवर ठेवला.