फारर आजोबांचं पान मीच वाचणार

परवा फारर आजोबा गेले. आणि शुक्रवारी चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीला जर्मन वाचायचंय मला.
मला! दहावी नापास बाईला.

फारर म्हणजे इथले पाद्री. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नजवळच्या आमच्या गावात ते खालच्या मजल्यावर राहायचे, आम्ही वर.

रिटायर झाल्यावर प्रवचन सुटलं, कादंबऱ्या नाही सुटल्या.
अकरा लिहिल्या. सगळ्या इथल्याच खेड्यांच्या. बेकरीत ब्रेडशेजारी ठेवलेल्या असतात, आणि संपतात.

मी नवीन आले तेव्हा बेल वाजली तरी दार उघडायचे नाही. कोण काय विचारेल, आपल्याला काय सांगता येईल? तान्ह्या लेकीला, स्वराला, पोटाशी धरून आतच बसायचे.

जर्मन जरा जमायला लागलं, तेव्हा एक दिवस आजोबांनी टाईप केलेले कागद हातात दिले.
"वाच. जिथे अडशील तिथे पेन्सिलने खूण कर."
आधी हे काम त्यांची बायको करायची. ती गेल्यावर कोणी नव्हतं.

आता पाद्रीने दिलेले कागद. मला वाटलं, धर्माचं असणार. देव्हाऱ्यात ठेवले, हळदकुंकू वाहिलं.
पंधरा दिवसांनी म्हणाले, "वाचलंस?"
मी देव्हारा दाखवला.
आजोबा हसून हसून खोकायला लागले. "अगं, त्यात खाटीक शेजाऱ्याची बायको घेऊन पळालाय!"

मग दर बुधवारी कॉफी आणि कागद. मी आपली प्रत्येक पानाला "श्योन, श्योन." छान, छान. वडीलधाऱ्या माणसाला नावं कशी ठेवायची?
एकदा चिडलेच. "छान सगळे म्हणतात. खोटं कुठे वाटतं ते सांग."

त्या पानात एक आई तापातलं बाळ घरी टाकून जत्रेत नाचायला जाते.
मी घाबरत म्हटलं, "आई जाणार नाही. दारात उभी राहून बाजा ऐकेल. पण जाणार नाही."

त्यांनी चार पानांवर काट मारली.
पुढच्या बुधवारी ती बाई दारात उभी होती.

माझं असं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

काल त्यांची मुलगी वर आली, तेच दारातल्या बाईचं पान घेऊन. पप्पांनी लिहून ठेवलंय म्हणे, हे वरच्या मजल्यावरच्या बाईनेच वाचायचं.

आमचे हे हॉटेलात कुक आहेत. ड्युटीवरून आल्या आल्या म्हणाले, "नाही म्हणून टाक. उच्चार चुकले तर गाव हसेल."
"हसू दे. अहो, तुम्ही फक्त सुट्टी काढा आणि स्वराला धरून बसा."

सकाळपासून किचनमध्ये मोठ्याने वाचतेय. स्वरा चार वर्षांची, खुर्चीवर बसून हुकूम सोडतेय, "मामा, नोखमाल!" म्हणजे आई, परत.
परत वाचते.

कागद दोन्ही हातांनी धरेन. अडले तर तिथूनच पुन्हा सुरू करेन. पण पान संपल्याशिवाय चर्चच्या व्यासपीठावरून खाली उतरणार नाही.

आजोबा, नीट जा.
शुक्रवारी येतेय मी.