रसूल सरांची शिट्टी

नळदुर्गच्या शाळेत रसूल सर तीस वर्षं पीटीचा तास घेत होते, आणि मुख्याध्यापक राजशेखर सरांचा त्या तासावर तीन वर्षं डोळा होता. त्यांना तो गणिताला हवा होता. सोमवारी ते म्हणाले, "उद्या मैदानावर येऊन बघतो. पोरं नुसती बोंबलत पळत असली, तर तास माझा."

रसूल सरांनी ठेवणीतला खेळ काढला. शिट्टी वाजली की एका पायावर थांबायचं, पुन्हा वाजली की पळायचं. मधेच सर खोटंच "पळा" म्हणून ओरडायचे. फसला तो बाद. सरांचं नाही, शिट्टीचंच ऐकायचं, हे त्यांनीच पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

मंगळवारी साठ पोरं मैदानभर उधळली. राजशेखर सर घड्याळ बघत उभे राहिले. रसूल सरांनी गळ्याला हात लावला, तर शिट्टी गायब. नातीनं, अलिजानं, ती काल शेळीच्या गळ्यात बांधली होती. सरांनी दोन बोटं तोंडात घातली. पण पुढचे दात पडल्यापासून तिथून नुसती हवाच येते, हे बिचारे विसरले होते.

तेवढ्यात शाळेच्या स्वयंपाकघरातून सरुबाईंच्या कुकरनं लांबलचक शिट्टी दिली. साठ पोरं एका पायावर थिजली.

"वा," राजशेखर सर म्हणाले.

दुसरी शिट्टी काही होईना. पोरांचे पाय लटपटायला लागले. रसूल सर ओरडले, "पळा." कोणी हललं नाही. "अरे, खरंच पळा." पोरं गालात हसली आणि आणखी ताठ झाली.

सर धावत स्वयंपाकघरात गेले. "सरुबाई, कुकर का गप बसलाय?"

"गॅस संपला की वो. टाकी बदलते, जरा दम धरा."

"मी धरतो. पोरांनी किती धरायचा?"

शिट्टी व्हायला पाच मिनिटं लागली. राजशेखर सरांना भरून आलं. "माझ्या तासाला ही पाच सेकंद गप बसत नाहीत. हा तास तुमचाच. फक्त उद्यापासून गणितालाही शिट्टी तुम्हीच वाजवायची."

बुधवारी रसूल सरांनी शेळीची शिट्टी सोडवून आणली आणि गणिताच्या वर्गात जोरात फुंकली. दंगा तसाच चालू राहिला. पोरं आता सरांच्या शिट्टीलाही फसत नव्हती; खरी शिट्टी कुकरचीच, हे कालपासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सर पुन्हा स्वयंपाकघरात. "सरुबाई, आत्ताच्या आत्ता डाळ लावा. वर्ग गप होईस्तोवर शिट्ट्या होऊ द्या."

"डाळीचा पार गाळ हुईल की, सर."

"होऊ द्या. माझा तास वाचला पाहिजे."